चोवीस खुंट्या

पोस्टातल्या काट्यावर अकरा वर्षं पार्सलं तोलली मी.
कारकारालीत कुणालाही विचारा,
मेरुएर्तच्या हाताला वजन कळतं.
लोकरीचे मोजे, सुकवलेलं दही, सैन्यातल्या मुलाला साबण,
काट्यावर ठेवायच्या आधीच आकडा सांगायची.

म्हणून डॉक्टर अकराशे दहा म्हणाले,
आणि जरा थांबून, नऊशे चाळीस,
तेव्हा मला कुणी समजावायची गरज नव्हती.
किलोच्या आतलं.
सगळ्यात स्वस्त दर.

तीस आठवडे. बाहेर बर्फाचं वादळ,
पुढे नांगर लावलेला ट्रक, मागे आमची रुग्णवाहिका,
आणि मी मांड्या आवळून म्हणत होते,
अजून नाही, अजून नाही,
वेळेआधी खिडकी वाजवणाऱ्याला म्हणायची तसं:
नऊला उघडतं.
कुणी ऐकलं नाही. आधी मुलगी, सात मिनिटांनी मुलगा.
रडले का, विचारलं.
रडले की, मांजरासारखे, कुणीतरी म्हणालं.
मला ऐकू आलं नाही.

आमच्यात आनंदाची बातमी आणणारा आधी हात पुढे करतो:
सुयिन्शी! बक्षीस काढ, मग सांगतो.
माझ्या नवऱ्याला फोन नर्सने केला.
तिने काही मागितलं नाही.

चौथ्या दिवशी सासू आली, कारागांदापर्यंत बसने,
पिशवीत सासऱ्यांची टोपी,
कोल्ह्याच्या कातड्याची, कान झाकणारी.
पूर्वी अपुऱ्या दिवसांचं मूल
अशा टोपीत घालून तंबूच्या जाळीला टांगत,
रोज एक टोक पुढे,
जितके दिवस कमी तितकी टोकं.
मग ते जन्मलं असं धरत.
काचेच्या पेटीत टोपी? नर्स जवळजवळ ओरडलीच. जंतू!
टोपी एक, मुलं दोन, मीही म्हटलं.
पोट तरी एकच होतं ना, सासू म्हणाली.

तळमजल्यावर कोट ठेवायच्या जागी
चोवीस खुंट्या, आणि क्लावदिया येफिमोव्हना.
इथे कोट ठेवतात, टोप्या नाही, ती म्हणाली.
सासूने ऐकू न आल्यासारखं केलं
आणि टोपी चौथ्या खुंटीवर अडकवली.
सत्तर दिवस. तीन फेऱ्यांना दोन कमी.
सासू गेली. खुंट्या माझ्याकडे आल्या.

नावंही तिचीच: मुलगी तुर्सिनाय, म्हणजे राहो.
मुलगा तोक्तार, म्हणजे थांब.

सकाळी खाली, टोपी एक घर पुढे,
मग वर, हात कोपरापर्यंत धुवायचे,
पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत.
दूध यायचं पिपेटभर. ते दोघांत वाटायचं.
एकदा सगळंच मुलीला दिलं मी.
तिचं वजन वाढत होतं म्हणून.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एकतिसाव्या रात्री तोक्तार थांबला.
नावाचा अर्थ त्याने चुकीचा घेतला.
नर्सने तळपायावर टिचकी मारली, परत मारली,
छाती, जी माझ्या आगपेटीएवढी,
हलली, राहिली, हलली.
दोन दिवस मी त्या खुर्चीवरून उठले नाही.
यंत्राचा आकडा वाचत बसले,
आकडे वाचणं हेच तर येतं मला.

तेहतिसाव्या दिवशी खाली गेले.
सहाव्या खुंटीवर सोडलेली टोपी
आठवीवर होती.
क्लावदिया येफिमोव्हना विणत होती, मान वर न करता म्हणाली,
आजची तू सरकव.

बाविसाव्या खुंटीच्या सकाळी घरी सोडलं.
दोघांना एकदम हातात दिलं, गुंडाळून, तोंडं तेवढी उघडी.
वजन? नवऱ्याने विचारलं.
मला सांगता येईना. एकीकडे जास्त होतं एवढंच.

गाडी नदीच्या पुलावर आली तेव्हा सासू ओरडली: टोपी!
ड्रायव्हरने वेग कमी केला.
मागे तुर्सिनाय शिंकली, मग तोक्तार,
मग कुणीच काही बोललं नाही,
आणि सासूच म्हणाली, चल पुढे.
तिथे थंडी अजून दोन महिने आहे.